वाण नाही पण गुण लागला

मूल जन्मून बारा दिवस होत नाहीत तोच घरात वाटणी सुरू होते. नाक आजोबांचं, रंग आत्याचा, कपाळ मामाचं. ही वाटणी गोडच असते. पण तेच मूल मोठं होऊन गणितात मागे पडलं, अडखळत बोलायला लागलं किंवा डॉक्टरांनी एखाद्या आजाराचं नाव घेतलं, की वाटणीचा सूर बदलतो. मग सगळं आईच्या माहेराहून आलेलं असतं. माहेरी काही सापडलं नाही, तर तिच्या वळण लावण्यात खोट निघते. रक्त म्हणा नाहीतर संस्कार म्हणा, बोट तिच्याकडेच.

गंमत म्हणजे आपल्या भाषेत याबद्दल दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खाण तशी माती, ही एक. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही दुसरी. एक म्हणते सगळं जन्माबरोबर येतं, दुसरी म्हणते शेजारानं येतं. माझ्या आजीच्या तोंडी दोन्ही असायच्या. कुठली कधी काढायची, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं.

हेच भांडण गेल्या शतकात मोठमोठ्या शास्त्रज्ञांमध्ये झालं, आणि ते घरगुती राहिलं नाही. त्यावरून कायदे झाले, लाखो माणसांची मूल होण्याची शक्ती शस्त्रक्रियेनं काढून घेतली गेली. या भांडणात एका माणसानं तुमचा प्रश्नच चुकतोय असं सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, गणितानं दाखवून दिलं. त्यांचं नाव जे. बी. एस. हाल्डेन. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस आयुष्याची शेवटची सात वर्षं आपल्या देशात राहिला आणि भारतीय नागरिक म्हणून भुवनेश्वरला वारला. गेले काही महिने मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. मैत्रिणींनो, आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वासोच्छ्वासाचे शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत वायूमुळे कामगार मरतात ते कसे, हे शोधायला ते स्वतः खाणीत उतरत आणि मुलालाही बरोबर नेत. एकदा त्यांनी मुलाला खाणीतल्या एका भागात उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर मात्र श्वास नीट यायला लागला. खाणीतला तो वायू हवेपेक्षा हलका असतो, वर छताशी साचतो, हा धडा मुलाला असा मिळाला. आजच्या आयांनी असल्या नवऱ्याला घरात घेतलं नसतं! पण स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची सवय मुलाला लागली ती कायमची. १९३९ साली थेटिस नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा हाल्डेन बंद पेटीत बसून कोंडलेल्या हवेचे प्रयोग स्वतःवर करत होते. अशाच प्रयोगांत त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली आणि ते दुखणं जन्मभर पुरलं.

बहीण नेओमी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. तिनं घरी गिनीपिग पाळले होते. या भावंडांनी प्राण्यांच्या जोड्या लावून कुठल्या पिल्लात कुठला गुण उतरतो, याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. पुढे उंदरांवर काम झालं आणि १९१५ साली त्यावरचा निबंध छापून आला. त्यावर तिघांची नावं होती, भाऊ, बहीण आणि त्यांचा एक मित्र. दोन गुण जोडीनं पुढच्या पिढीत जातात, हे सस्तन प्राण्यांत दाखवणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक. निबंध आला तेव्हा भाऊ पहिल्या महायुद्धात खंदकात होता आणि मित्र युद्धात मरण पावला होता. नेओमीचं लग्न झालं, मुलं झाली, तिची प्रयोगशाळा संपली. ती पुढे मोठी लेखिका झाली, १०१ वर्षं जगली, म्हणून वाईट तरी कसं वाटून घ्यायचं? पण भाऊ प्राध्यापक झाला आणि बहीण झाली नाही, यात जनुकाचा वाटा किती आणि घराचा किती, हे विचारायला मला आवडलं असतं.

युद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर हाल्डेन जखमी झाले आणि बरं होण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवलं गेलं. या देशाची ओढ त्यांना तेव्हापासूनची. नंतर केंब्रिज. तिथे शार्लट नावाच्या पत्रकार बाईंशी, त्या विवाहित असताना, त्यांचं जमलं. घटस्फोटाच्या खटल्यात हाल्डेन यांचं नाव आलं आणि १९२५ साली विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं. त्यांनी दाद मागितली आणि १९२६ मध्ये जिंकले. शार्लटशी लग्न केलं, तेही पुढे टिकलं नाही. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती, ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन घेतलं होतं. तरीही १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे ज्यूलिया बेल या संशोधक बाईंबरोबर त्यांनी १९३७ मध्ये दाखवलं, की रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया यांची जनुकं माणसात एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली आहेत.

आता त्या भांडणाकडे येते.

१९०७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. मंदबुद्धी, गुन्हेगार, वेडसर, असा शिक्का बसलेल्यांना मूलच होऊ द्यायचं नाही. रक्तच वाईट, तर वेल वाढू कशाला द्यायची, हा त्यामागचा विचार. पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत हे लोण पसरलं आणि साठ हजारांवर माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीनं असाच कायदा केला आणि तिथे हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला. या कायद्यांमागे विद्वानांचं पाठबळ होतं. अमुक गुण इतके टक्के आनुवंशिक, तमुक इतके टक्के, असे हिशेब मांडले जात होते.

हाल्डेन यांनी १९३८ साली 'हेरेडिटी अँड पॉलिटिक्स' या पुस्तकात या सगळ्याला हात घातला. जनुकं नसतातच, असं ते म्हणत नव्हते, त्यांचं आयुष्य जनुकांवरच चाललं होतं. त्यांचा आक्षेप टक्क्यांवर होता. लॅन्सलॉट हॉगबेन या त्यांच्या समकालीन शास्त्रज्ञानंही हा मुद्दा लावून धरला होता. तो मी शेतातल्या भाषेत सांगते. समजा, दहा प्रकारचं बियाणं एकाच वावरात पेरलं. तीच माती, तेच पाणी. आता रोपांच्या उंचीत जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा बियाण्याचा. म्हणजे उंची शंभर टक्के आनुवंशिक! आता उलटं करा. एकच शुद्ध बियाणं घ्या आणि दहा वेगळ्या वावरांत पेरा. आता सगळा फरक वावराचा, आनुवंशिकता शून्य टक्के. बियाण्याच्या पोटातलं काहीच बदललं नाही, तरी टक्का शंभरावरून शून्यावर आला. तेव्हा वर्तमानपत्रात बुद्धी इतके टक्के आनुवंशिक, लठ्ठपणा इतके टक्के आनुवंशिक असं वाचलंत, तर पहिला प्रश्न विचारा, कुठल्या लोकांत मोजलं? सगळ्यांना सारखं खायला मिळतं अशा गावात, की अर्धे उपाशी असलेल्या गावात?

याच पुस्तकात मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा विषय आहे. भाजायच्या मातीची धूळ छातीत जाऊन त्यांच्यात ब्राँकायटिसचे मृत्यू फार होत. पण बहुतेक कामगार त्यानं मरत नव्हते. मग धूळ सगळ्यांच्या छातीत जात असूनही काहींनाच का भोवते? हाल्डेन यांचा तर्क असा होता, की काहींच्या शरीराची घडणच धुळीला कच्ची असावी. धूळ नसती तर त्यांना काही झालं नसतं, आणि घडण वेगळी असती तर धुळीनंही काही झालं नसतं. दोष एकट्या धुळीचा नाही, एकट्या घडणीचा नाही. दोन्ही भेटल्यावर रोग होतो. आज याला जनुक आणि परिस्थितीची आंतरक्रिया म्हणतात. संशोधक सरळ इंटरॅक्शन म्हणतात.

यापुढे हाल्डेन यांनी सुचवलं, की कोण कच्चा आहे हे ओळखता आलं तर अशांना त्या कामावर न घेऊन हा आजार टाळता येईल. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायांचं उदाहरण घ्या. तंबाखूचा खकाणा कुणाला जास्त बाधेल, हे उद्या तपासणीत कळलं, तर कमी काय होणार, खकाणा की तिची मजुरी? घडण ओळखण्यापेक्षा धूळ कमी करणं महाग पडतं, म्हणून माणूसच बाजूला करायचा, ही सोय मालकाची आहे. एवढ्या डाव्या विचाराच्या माणसाला हे ठळकपणे लिहावंसं वाटू नये, याचं मला नवल वाटलं.

या विषयावरचा त्यांचा खरा गाजलेला निबंध १९४६ सालचा. त्यात त्यांनी टक्क्यांचा नादच सोडला आणि शक्यता मोजल्या. गणित ऐकून पान उलटू नका, हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.

दोन जातींच्या गायी घ्या. हाल्डेन यांच्या लिखाणात जर्सी आणि स्कॉटलंडची केसाळ डोंगरी गाय येते. जागा दोन, इंग्लंडचं हिरवंगार कुरण आणि स्कॉटलंडचा उघडा माळ. चार जोड्या झाल्या. कुरणावर जर्सी कितीतरी जास्त दूध देईल. माळावर बहुधा उलटं होईल, डोंगरी गाय पुढे जाईल. मग चांगली गाय कुठली? आपल्याकडेही भरपूर पेंड आणि पाणी असेल तिथे संकरित गाय चरवी भरते. पण इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात डांगी गायच टिकते, हे तिथल्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता मोजू. चारांतली ज्या जोडीत सगळ्यात जास्त दूध, ती पहिली मांडा. उरलेल्या तीन जोड्यांचे क्रम सहा तऱ्हांनी लागू शकतात. म्हणजे दोन जाती आणि दोन जागा एवढ्या साध्या मांडणीतही निसर्गाला सहा प्रकारे वागता येतं. मी कागदावर सहाही लिहून पाहिले. त्यांतल्या तीन प्रकारांत जागा बदलली की गायींचा नंबर उलटा होतो. एक जात सगळीकडे सरस आणि एक जागा सगळ्यांना चांगली, असं दोन्ही एकदम खरं असतं ते सहापैकी फक्त दोन प्रकारांत. आणि आपण मात्र हुशार मूल कुठेही चमकतं आणि चांगली शाळा सगळ्यांनाच चांगली, हे धरूनच चालतो!

तीन जाती आणि तीन जागा घेतल्या, तर हे प्रकार होतात १०,०८०. दहा जाती, दहा जागा घेतल्या, तर येणारी संख्या १४५ आकडी. माणसांच्या घडणी किती आणि घरं किती, याचा हिशेब तुम्हीच करा. अमका जन्मतः वरचा आणि तमका खालचा, अशी एकच रांग लावणाऱ्यांचा पायाच या निबंधानं काढून घेतला.

मग शास्त्रज्ञांनी काय हात जोडून बसायचं? तसं नाही. मोजण्याची एक रीत आधीच तयार होती आणि ती रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाची. १९२३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मॅकेंझी यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेतावर बटाट्याच्या बारा जातींना वेगवेगळी खतं दिली. उत्पन्नातल्या फरकाचे त्यांनी हिस्से पाडले, जातीचा हिस्सा वेगळा, खताचा वेगळा. पण त्याखेरीज एक तिसरा हिस्सा राहतो, काही जातींनाच एखादं खत जास्त मानवतं त्याचा. तो काढायची युक्ती सोपी आहे. खतानं पहिल्या जातीचं उत्पन्न किती वाढलं ते पाहा, दुसरीचं किती वाढलं ते पाहा. दोन्ही वाढी सारख्या असतील तर जात आणि खत आपापलं काम वेगवेगळं करतात. सारख्या नसतील तर दोघांचं साटंलोटं आहे. त्या बटाट्यांत मात्र तसं काही आढळलं नाही, बाराही जाती खताला साधारण सारख्याच पावल्या. फिशर यांचा ओढा जातीचा हिस्सा मोजण्याकडे राहिला. हाल्डेन यांचा आग्रह असा, की बटाट्यात बेरीज जुळली म्हणून माणसातही जुळेल, हे आधीच धरून चालू नका.

ही रीत आजही वापरतात, फक्त ती फार माणसं मागते. फरकातला फरक पकडायचा म्हणजे एकट्या जनुकाचा परिणाम शोधायला लागतात त्याच्या निदान चौपट माणसं, असा ठोकताळा आहे. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात पाच लाख लोकांची माहिती आणि रक्त गोळा करून ठेवलं, ते अशाच कामांसाठी.

या सगळ्याचा जीवघेणा पुरावा हाल्डेन यांच्या कॉलेजातच अभ्यासला जात होता. त्यांचे सहकारी लायनेल पेनरोझ फिनाइलकीटोन्यूरिया या आजारावर काम करत होते. नाव अवघड, गोष्ट साधी. दोन्ही पालकांकडून एक विशिष्ट जनुक आलं, तर मुलाला प्रथिनातला एक घटक पचत नाही, तो साचतो आणि मेंदू मंदावतो. हा रोग सापडला तो १९३४ साली नॉर्वेमध्ये. एक आई आपली दोन मंद मुलं घेऊन डॉक्टरांमागून डॉक्टर हिंडत होती, त्यांच्या अंगाला वेगळाच वास येतो म्हणत होती. शेवटी डॉ. फोलिंग यांनी लघवी तपासली. इलाजामागेही एक आईच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला दुसरी एक बाई आपल्या लहान मुलीसाठी रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. डॉ. बिकेल, डॉ. जेरार्ड आणि जीवरसायनतज्ज्ञ एव्हलिन हिकमन्स यांनी तो घटक काढलेला आहार तयार केला. मुलगी सुधारू लागली. १९५३ मध्ये हे जगापुढे आलं. आता सांगा, हा रोग जनुकाचा की जेवणाचा? जनुक तेच राहिलं, ताट बदललं, आणि पुढे जन्मापासून हे ताट मिळालेली मुलं शाळेत जायला लागली.

१९४९ साली हाल्डेन यांनी आणखी एक कल्पना मांडली. थॅलेसेमियाचं जनुक भूमध्य समुद्राकाठी इतकं का टिकून आहे? त्यांचा तर्क होता, की एकाच पालकाकडून ते आलं तर माणूस मलेरियाला जास्त पुरून उरतो. हिवतापाच्या मुलखात हे जनुक ढाल, नसेल तिथे नुसता भार. सिकलसेलच्या बाबतीत हीच गोष्ट ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारकडच्या मैत्रिणींना सिकलसेल हा शब्द समजावून सांगायला नको. तिकडे सुनेला खराब रक्ताची म्हणून माहेरी पाठवल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. पण बाळाला हा आजार होतो तो आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तरच. एकट्या आईकडून आलेलं जनुक मूल वाहून नेतं, त्याला आजार होत नाही. आणि ते रक्त खराब म्हणायचं तर हेही सांगायला हवं, की हिवतापाच्या त्या जंगलांत कित्येक पिढ्यांची पोरं त्याच रक्तानं वाचवली.

हाल्डेन यांचीही एक बाजू लंगडी होती, ती झाकून ठेवणं बरं नाही. ते कम्युनिस्ट होते. रशियात लिसेन्को नावाच्या माणसानं जनुकं खोटी ठरवून सगळं परिस्थितीवर टाकलं आणि सरकारनं त्याला डोक्यावर घेतलं. वाव्हिलोव्ह यांच्यासारखा बियाण्यांचा थोर अभ्यासक १९४३ मध्ये तुरुंगात मेला. हाल्डेन यांना हे विज्ञान नाही हे कळत होतं, तरी १९४८ सालापर्यंत ते लिसेन्कोची बाजू सांभाळून बोलत राहिले. पक्षापासून ते दूर झाले ते १९५० च्या सुमाराला. सगळं रक्ताचं म्हणणाऱ्यांशी ते तडफेनं लढले, पण सगळं संगतीचं म्हणणाऱ्यांपुढे आवाज फुटायला त्यांना वेळ लागला.

१९५७ साली ते दुसऱ्या पत्नी, शास्त्रज्ञ हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याला आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम सुरू केलं. सुएझ प्रकरणात ब्रिटननं इजिप्तवर केलेला हल्ला त्यांना सहन झाला नव्हता, हे एक कारण. दुसरं म्हणजे इथली झाडं, पाखरं आणि हुशार पोरं. त्यांनी सदरा-धोतर घातलं, मांसाहार सोडला, पुढे नागरिकत्व घेतलं. महाग यंत्रं नसली तरी मोजता येतं, हे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं. सुबोधकुमार रॉय या विद्यार्थ्याला त्यांनी काय मोजायला लावलं असेल? पारिजातकाच्या पाकळ्या! एकाच झाडाची फुलं, म्हणजे सगळ्यांची जनुकं तीच, झाडही तेच, तरी कुणाला पाच पाकळ्या, कुणाला सहा, कुणाला सात. रक्त आणि संगत दोन्ही सारखी असूनही फरक उरतोच, तो उरतो किती, हे त्यांना पाहायचं होतं. रोज सकाळी परडी भरणाऱ्या आपल्यापैकी किती जणींनी पाकळ्या मोजल्या आहेत?

याच रॉय यांनी भाताच्या दोन जाती एका वावरात मिसळून लावल्या. काही जोड्यांत वेगवेगळं लावण्यापेक्षा मिसळून जास्त भात आला. इथे माती-पाणी नव्हे, शेजारचं रोपच परिस्थिती झालं होतं. ढवळ्या आणि पवळ्या, दुसरं काय!

हाल्डेन यांचा स्वभाव मात्र शेवटपर्यंत तापट राहिला. १९६१ मध्ये ते संस्थेतून बाहेर पडले आणि १९६२ मध्ये भुवनेश्वरला जाऊन त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्यांना गुदाशयाचा कर्करोग निघाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी स्वतःच्या कर्करोगावर चक्क विनोदी कविता लिहून छापली. लाज बाळगून दुखणं अंगावर काढू नका, वेळीच डॉक्टरकडे जा, असा तिचा रोख होता. १ डिसेंबर १९६४ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला गेला. हेलनबाई इंग्लंडला परत गेल्या नाहीत, त्या शेवटपर्यंत भारतातच राहिल्या.